बीएस्सी भाऊंची शिकवणी

आमच्या भागात भौतिकशास्त्र दोन वाटांनी आलं. एक वाट विहिरीची, दुसरी शाळेची.

विहिरीच्या वाटेनं ते आधी आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलच्या पट्ट्यात, माझ्या आजोबांच्या काळी मोट चालायची. मग ऑइल इंजिनं आली. पुढं विजेचे खांब शेताशेतातून फिरले तशा मोटारी आल्या. केळीला पाणी फार लागतं. मृगबाग असो की कांदेबाग, भर उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की बाग मान टाकते. त्यामुळं मोटार, स्टार्टर, फ्यूज, फुटवॉल हे शब्द ज्याला सही करता येत नव्हती त्याच्याही तोंडी बसले. 'पंपानं हवा धरली', 'एक फेज गेला', 'होल्टेज नाही' ही आमच्याकडची रोजची बोली झाली. १९७२ च्या दुष्काळानं तर सगळ्यांनाच विहिरीत वाकून बघायला लावलं. पाणी किती हात खाली गेलं, याचा हिशोब घराघरात व्हायला लागला.

शाळेच्या वाटेनं भौतिकशास्त्र जरा उशिरा आलं. कोठारी आयोगाचा अहवाल १९६६ सालचा. आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. पहिली दहा वर्षं सगळ्या मुलांना विज्ञान आणि गणित असलंच पाहिजे आणि शिक्षणाचा आकृतिबंध १०+२+३ असा असावा, असं त्या अहवालात होतं. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. मी दहावीला बसलो १९८० साली. म्हणजे गुरं वळणाऱ्याच्या, केळीचे घड वाहणाऱ्याच्या पोरांपर्यंत न्यूटन पोचला, त्या पहिल्या काही तुकड्यांतला मी.

गंमत अशी, की या दोन वाटा एकाच गावात येऊनही एकमेकींना भेटत नव्हत्या. बाप विहिरीवर पंपाशी झगडायचा आणि मुलगा घरी कंदिलाशी बसून 'वातावरणाचा दाब' पाठ करायचा. दोघंही एकाच गोष्टीशी झुंजताहेत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते ज्यानं दाखवून दिलं त्याच्या शिकवणीची ही हकिगत आहे.

आधी मुलांचं कुठं अडायचं ते सांगतो. पहिली अडचण बुद्धीची नव्हती, भाषेची होती. घरात आम्ही लेवा बोली बोलायचो. पुस्तकात मराठी होती, पण ती जडत्व, संवेग, त्वरण, असंतुलित बल अशी. कशीबशी दहावी झाली की अकरावी विज्ञानाला सगळं एकदम इंग्रजीत. जूनमध्ये एसटीचा पास काढून पोरगं शेजारच्या गावच्या कॉलेजात जायचं आणि दिवाळीला परत यायचं तेव्हा अर्ध्यांनी कलाशाखेला नाव घातलेलं असायचं. फळ्यावर इंग्रजीत लिहून दिलेल्या नोटा वहीत उतरायच्या, डोक्यात काही उतरायचं नाही.

ही आमच्याच गावाची रड नव्हती. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. त्या केंद्रानं सुरुवातीच्या काळात ग्रामीण भागात जे काम केलं, त्यातलं एक मोठं काम आमच्याच रावेर तालुक्यातल्या खिरोद्याच्या परिसरात झालं. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन ज्या फैजपूरला भरलं, त्याच्या जवळचंच हे खिरोदा. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी भाषेचा अडसरही तपासला. विज्ञानाचा तोच मजकूर सोप्या भाषेत दिला तर मुलं जास्त चांगलं करतात, असं त्यांना आढळलं. आज ही गोष्ट उघड वाटते. पण त्या काळी खेड्यातलं पोरगं विज्ञानात मागं पडलं की 'याचं डोकं चालत नाही' एवढाच निकाल असायचा. भाषेकडं कोणी बोट दाखवत नसे.

आमच्या गावात त्या भाषेकडं बोट दाखवलं बीएस्सी भाऊंनी.

भाऊंचं खरं नाव गावात फक्त तलाठ्याला आणि पोस्टमनला माहीत असावं. जळगावला राहून भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालेले, गावातले पहिलेच. नोकरीसाठी दोन वर्षं चपला झिजवल्या आणि मग वडील गेल्यावर घरची सहा एकर केळी सांभाळायला परत आले. 'शिकून काय उपयोग झाला, शेवटी फावडंच धरलं ना?' असं लोक तोंडावर म्हणायचे. भाऊ हसायचे. संध्याकाळी गुरांचं आटोपलं, की त्यांच्या ओट्यावर पाच-सहा मुलं जमायची. वीज असली तर बल्ब, नाहीतर कंदील. पैसे ते घेत नसत. कुणाची आई ताक पाठवायची, कुणी शेंगा आणायचं. केळी मात्र कुणी आणत नव्हतं, ती त्यांच्याच घरात पडलेली असायची.

त्यांच्या शिकवणीला पाटी होती, पण तिच्यावर आधी गणित नसे. पाटीवर तीन रकाने असत. पहिल्यात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकाचा, तिसऱ्यात इंग्रजी. जोर, बल, फोर्स. रेटा, दाब, प्रेशर. घरचा शब्द मुलांनी सांगायचा. तो सापडेपर्यंत भाऊ पुढं जात नसत. 'संवेग'पाशी सगळेच अडले. घरात त्याला शब्दच नव्हता. तेव्हा भाऊ म्हणाले, "घड भरलेली गाडी अन् रिकामी गाडी, दोन्ही एकाच वेगानं उतारावरून येताहेत. कोणती आवरशील?"

"रिकामी," सगळे एकदम म्हणाले.

"का? वेग तर सारखाच आहे ना?"

"भरेल गाडी आवरत नाही भाऊ. बैल ढकलले जातात."

"मग जे आवरत नाही त्याचं नाव संवेग. वजनदार असली तरी वाढतं, वेगात असली तरी वाढतं. आता सूत्र लिहा."

रकान्यात घरच्या शब्दाच्या जागी भाऊंनी 'आवरत नाही' असंच लिहिलं. पुढं बारावीच्या पेपरात मोमेंटम आला की आमच्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांपुढं आधी उतारावरची गाडी यायची आणि मग सूत्र. सूत्र विसरलं तरी गाडी विसरत नव्हती, आणि गाडीवरून सूत्र परत मांडता यायचं.

दुसरा त्यांचा नियम असा, की आधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा. तो चुकला तरी हसायचं नाही. हसणाऱ्याला त्या दिवशी पाटी पुसायचं काम. त्यामुळं पोरांच्या मनातलं खरं बाहेर यायचं. एकदा 'कार्य' चाललं होतं. बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. भाऊंनी सांगितलं, की डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं सरळ चालत गेलं तर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध कार्य शून्य. सगळ्यांनी मान डोलावली. एक मुलगा मात्र गप्प. त्याचे वडील केळीचे घड बागेतून बांधावरच्या ट्रकपर्यंत वाहायचे, सावदा स्टेशनातून दिल्लीला जाणारा माल. तो म्हणाला, "भाऊ, माह्या बापाचं काम शून्य असीन तर मजुरी कशाची देतात?"

कोणी हसलं नाही. भाऊही लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मजुरी घामाची. तुझ्या बापाच्या अंगातली ताकद खर्च होते, त्याला भूक लागते, खांदे भरून येतात, हे सगळं खरं आहे. ओझं धरून ठेवायला स्नायू सारखे आकसतात अन् सैल पडतात, त्यात ती ताकद जळते. पण घडाला विचार, की बाबा, तू बागेत जेवढ्या उंचीवर होतास तेवढ्याच उंचीवर ट्रकपाशी आहेस ना? तर तो हो म्हणेल. पुस्तकातलं कार्य म्हणजे घडाला काय मिळालं त्याचा हिशोब. माणसाचं काय गेलं त्याचा हिशोब त्यात नाही. शब्द एकच आहे, पण हिशोब दोन आहेत. तुझा बाप शून्य काम करतो असं हे पुस्तक म्हणत नाही अन् कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नको."

पुढं मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'कार्य' हा धडा मी भाऊंच्या या उत्तराशिवाय कधी शिकवला नाही.

आता विहिरीची गोष्ट. साल १९७९, मे महिना. आमच्या गल्लीतल्या एका आप्पांची विहीर साठ फुटी. पंप पंचवीस फुटांवर, कपारीत बसवलेला. पाणी उतरत उतरत पार तळाला गेलं होतं. मोटार सुरू केली की पंप चार घोट पाणी टाकायचा आणि हवा धरायचा. आप्पांनी सांध्यांना शेणाचा लेप दिला, फुटवॉल बदलला, पंपात पुन्हापुन्हा कळशीनं पाणी भरलं. काही होईना. पाच हॉर्सपॉवरची मोटार काढून दहाची टाकायची, म्हणजे ती जोरात ओढेल, असं ठरलं. सोसायटीचं कर्ज काढायचं पक्कं झालं. आप्पांची मुलगी आमच्याबरोबर शिकवणीला यायची. तिनं ओट्यावर सहज ही बातमी सांगितली.

भाऊंनी पुस्तक मिटलं. "पाणी वर कोण आणतं?" त्यांनी विचारलं.

"पंप ओढतो," सगळ्यांचं एकच उत्तर.

भाऊंनी बादलीत तांब्या बुडवला, पाण्यातच पालथा केला आणि तोंड पाण्यात ठेवून वर उचलला. तांब्यातलं पाणी तांब्यातच राहिलं. "याला कोण ओढतंय?" कोणालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याकडून लेव्हल बघायची पारदर्शक नळी आणली. दोन तुकडे जोडून पंचेचाळीस फूट केली. पाण्यात थोडं पोटॅश घालून ते लाल केलं आणि नळी काठोकाठ भरली. दोन्ही तोंडं बुचांनी आणि तारेनं घट्ट बांधली. नळीला दर फुटाला सुतळीची गाठ. एक पोहणारा मुलगा खाली उतरला. नळीचं खालचं तोंड त्यानं पाण्यात धरलं, वरचं तोंड दोरानं कपारीच्या वर बांधलं. तोवर विहिरीच्या काठावर बरीच माणसं जमली होती. भाऊंनी त्यांनाही नियम लावला, आधी अंदाज सांगा. निम्मे म्हणाले, वरचं बूच बंद आहे तर पाणी हलणार नाही. निम्मे म्हणाले, सगळं खाली पडेल.

खालच्या मुलानं पाण्यात बूच काढलं. लाल पाणी वरून खाली सरकलं आणि मध्येच थांबलं. गाठी मोजल्या, पाण्याच्या पातळीपासून एकतीस-बत्तीस फूट. त्याच्यावर नळी रिकामी. काठावर शांतता पसरली. कोणाचाच अंदाज बरोबर आला नव्हता.

"वर जे मोकळं दिसतंय तिथं काय आहे?" आप्पांच्या मुलीनं विचारलं.

"काही नाही. पाण्याची थोडी वाफ, बाकी काही नाही."

"काही नाही म्हंजे? हवा असीन ना," आप्पा म्हणाले.

"हवा कुठून जाईल आप्पा? वरचं तोंड बंद, खालचं पाण्यात." भाऊंनी मग वरचं बूच काढलं. हवा आत शिरली आणि सगळं लाल पाणी क्षणात खाली गेलं.

मग त्यांनी सांगितलं. विहिरीतल्या पाण्याला वरून हवा रेटत असते. पंप फक्त नळीतली हवा काढून जागा करून देतो. पाणी ढकलते ती बाहेरची हवा. तिची ताकद चौतीस फूट पाण्याचं ओझं तोलण्याएवढीच. आपल्याकडं ते जरा कमी भरलं, कारण आपण समुद्राच्या पातळीपेक्षा वर आहोत आणि उन्हाळ्यात पाण्याची वाफ अन् पाण्यात विरलेली हवाही वरच्या जागेत येऊन थोडं खाली रेटते. शिवाय पाइपातलं घर्षण, गळके सांधे. म्हणून पंप पाण्यापासून वीस-पंचवीस फुटांच्या आतच असावा लागतो. "आप्पा, दहाची टाका नाहीतर शंभरची. मोटार पंप फिरवील, पण हवेची ताकद कशी वाढवील?"

आप्पांनी कर्ज काढलं नाही. विहिरीत लोखंडी गर्डर टाकून पंप पंधरा फूट खाली उतरवला आणि ती बाग वाचली. शेतकऱ्यांना पंप खाली घ्यायचा असतो हे अनुभवानं माहीत होतंच. पण 'का' हे माहीत नसल्यामुळं मोठ्या मोटारीचा मोह सुटत नव्हता. तो 'का' त्या दिवशी दिसला.

त्या संध्याकाळी ओट्यावर भाऊंनी गॅलिलिओ सांगितला. हाच अनुभव इटलीतल्या पंपवाल्यांनाही आला होता. पाणी अठरा हातांच्या वर चढत नाही, हे १६३८ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात गॅलिलिओनं नोंदवलं. पण कारण देताना तो चुकला. लांब दोर स्वतःच्या वजनानं तुटतो तसा पाण्याचा खांब तुटत असेल, असं त्याला वाटलं. त्याच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या टोरिसेलीनं पुढं १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेऊन बघायचं सुचवलं. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून जड, म्हणून त्याचा खांब तेवढाच आखूड, ७६ सेंटिमीटर. "गॅलिलिओलासुद्धा पाणी ओढलंच जातं असं वाटत होतं," भाऊ म्हणाले, "मग तुम्हाला वाटलं तर त्यात काय लाजायचं?" चुकीचा अंदाज सांगताना जी मुलं मान खाली घालायची, त्यांची मान त्या वाक्यानं वर आली.

भाऊंना सगळं येत होतं असं नाही. एका मुलानं विचारलं, "ओहमच्या नियमानं होल्टेज कमी झालं तर करंट कमी व्हायला पायजे. मग होल्टेज कमी असताना मोटार जळते कशी?" लाइनच्या शेवटच्या टोकाला त्यांचं शेत, दर उन्हाळ्यात त्यांची मोटार जळायची. भाऊ म्हणाले, "मला आत्ता सांगता येत नाही. सोमवारी सांगतो." ते जळगावला जाऊन कोणाला तरी विचारून, पुस्तक घेऊन आले. मोटार म्हणजे नुसती तार नाही. ती फिरते तेव्हा तिच्यातच उलटा दाब तयार होतो आणि तोच करंटला आवरून धरतो. होल्टेज पडलं, वर पाण्याचं ओझं तेवढंच राहिलं, तर मोटार मंदावते, तो आवर सैल होतो आणि तारेतून जास्त करंट जातो. मग ती तापते. ज्या माणसाला गाव 'बीएस्सी' म्हणतं तो 'मला माहीत नाही' म्हणतो आणि आठ दिवसांनी उत्तर घेऊन येतो, हे आम्ही पाहिलं. माझ्या मते तो त्या शिकवणीतला सगळ्यात मोठा धडा होता.

या शिकवणीनं सगळे पास झाले का? नाही. मोटारीचा प्रश्न विचारणारा तो मुलगा बारावीला भौतिकशास्त्रातच नापास झाला. त्याला समजत होतं, पण तीन तासांत इंग्रजीतून लिहिता येत नव्हतं. पुढं त्यानं मोटारी भरायचं दुकान टाकलं आणि आजूबाजूच्या दहा गावांच्या मोटारी त्याच्याकडं येऊ लागल्या. आप्पांच्या मुलीला दहावीनंतर घरी बसवायचं चाललं होतं. ती अकरावी विज्ञानाला गेली. विहिरीच्या प्रकारामुळंच आप्पांचं मन वळलं असं मी म्हणणार नाही, तिच्या आईनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती हेही खरं. पण गेली, बारावी झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होऊन निवृत्त झाली. घड वाहणाऱ्याचा मुलगा पॉलिटेक्निकला गेला.

शिकवणी ही काही क्लासवाल्यांनी काढलेली चीज नाही. मराठी मुलखात पाश्चात्त्य विज्ञान आलं तेच मुळी असं एकाच्या हाताखाली दुसऱ्यानं बसून आलं. केरूनाना छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लेबार साहेबांच्या हाताखाली काम करता करता गणित आणि खगोल शिकले. पुढं त्यांनी मराठी शाळांसाठी अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली आणि टिळकांसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. भौतिकशास्त्राला तेव्हा 'पदार्थविज्ञान' म्हणत. आमच्या भाऊंना केरूनाना ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण रीत तीच.

अशा शिकवणीला एवढं बळ कुठून येतं, याचा अभ्यासही झाला आहे. १९८४ साली शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी लिहिलं, की एकट्यादुकट्याला समोर बसवून शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या शेकडा ९८ मुलांच्या पुढं गेलेला दिसला. नंतरच्या अभ्यासांत एवढा प्रचंड फरक आढळला नाही, पण फरक आढळला. भौतिकशास्त्राच्या बाबतीत त्याचं एक कारण मला उघड दिसतं. बाकीचे विषय मुलाच्या कोऱ्या पाटीवर लिहिता येतात. भौतिकशास्त्राच्या पाटीवर आधीच लिहिलेलं असतं. रांगायला लागल्यापासून पोरगं वस्तू ढकलतं, पाडतं, ओढतं आणि आपले नियम बनवतं. ढकलणं थांबलं की गाडा थांबतो, जड वस्तू लवकर पडते, पंप पाणी ओढतो. अमेरिकेत हालौन आणि हेस्टेनिस यांनी १९८५ साली दाखवलं, की कॉलेजातला भौतिकशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम होऊनही असे घरगुती नियम विद्यार्थ्यांच्या डोक्यात तसेच राहतात. साठ मुलांच्या वर्गात मास्तरांना ते दिसतच नाहीत. पाच मुलांच्या ओट्यावर दिसतात, कारण तिथं मुलाला आधी बोलावं लागतं.

आमच्या गावात 'शिकवणी' हा शब्द मात्र टिकला नाही. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. केळीचे पैसे बऱ्यापैकी आलेल्या घरांना वाटू लागलं, की आपलाही मुलगा इंजिनिअर होऊ शकतो. प्रवेश बारावीच्या गुणांवर, आणि त्या गुणांत भौतिकशास्त्राचा वाटा मोठा. मग सावद्याला, रावेरला 'ट्युशन' सुरू झाल्या. नव्वदच्या दशकात लातूर पॅटर्नचं नाव झालं. आमच्याकडची चार-दोन मुलंही पेटी घेऊन तिकडं गेली. १९९९ पासून राज्याची सीईटी आली, पुढं नीट आली आणि शब्द झाला 'क्लास'. कोटा हे राजस्थानातलं गाव आमच्या बायाबापड्यांना तालुक्यासारखं ठाऊक झालं.

मी क्लासच्या विरोधात नाही. माझे कितीतरी विद्यार्थी क्लासमुळं डॉक्टर-इंजिनिअर झाले. तिथं चांगले शिक्षकही असतात. पण एक फरक सांगितला पाहिजे. क्लासमध्ये मुलाला मिनिटभरात उत्तर निवडायला शिकवतात. ओट्यावर त्याला स्वतःचं चुकीचं उत्तर मोठ्यानं सांगायला शिकवत. पहिल्याची फी लाखात गेली आहे. दुसऱ्याला फी नव्हती, म्हणून कदाचित त्याची किंमत कोणी केली नाही. आणि यात कोण मागं राहिलं, तर पुन्हा घड वाहणाऱ्याचंच पोर. त्याच्यापाशी लाख रुपये नाहीत आणि ओटाही उरलेला नाही. डोकं चालत नाही, हा जुना निकाल त्याच्यावर नव्यानं लागतो.

भाऊ आता नाहीत. पाणीही तेव्हाचं राहिलं नाही. आमच्या पट्ट्यातल्या विहिरी बहुतेक आटल्या, बोअर कितीतरी शे फूट खाली गेले. तरी परवा-परवाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२० साली करोनात शाळा बंद झाल्या. गावातली एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला होती, ती घरी आली. मोबाइलला रेंज नाही म्हणून मंदिराच्या सभामंडपात लांब लांब बसवून ती आठवी-नववीच्या पोरांना शिकवू लागली. मी कधीमधी मागं जाऊन बसायचो. वातावरणाचा दाब आला. चौतीस फूट आलं. एका पोरीनं लगेच विचारलं, "ताई, मग आमची सबमर्सिबल तीनशे फुटांवरून पाणी कसं ओढते?"

ताई म्हणाली, "आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

पाच-सहा उत्तरं आली. मोटार मोठी असते, पाइप बारीक असतो, खाली हवा जास्त असते. तिनं सगळी पाटीवर लिहिली, एकही खोडलं नाही. मग विचारलं, "सबमर्सिबल कुठं असते? पाण्याच्या वर की पाण्यात?"

"पाण्यात," पोरी म्हणाल्या. आणि एक मुलगा जागचा उठूनच ओरडला, "मंग ती ओढत नाही ना ताई, ढकलते!"

ढकलणाऱ्याला चौतीस फुटांची मर्यादा नाही, हे पुढं ताईला सांगावंही लागलं नाही. शाळा उघडल्यावर ती पुण्याला गेली आणि सभामंडप रिकामा झाला. पण आता आमच्या गावात बीएस्सी, बीई झालेली वीस-पंचवीस तरी माणसं आहेत. १९७९ साली एकच होता. आठवड्यातली एक संध्याकाळ आणि चार पोरं, एवढं ज्याच्याकडं आहे त्याला पाटी मी माझ्या खर्चानं आणून देईन.